आवडले नाही, तर तसे लिहा

कळवणच्या बाजार समितीत कांद्याची गाडी रिकामी होत असताना कुणी कुणाची भीड धरत नाही. चार कांदे हातात घेतले, दाबून पाहिले, की 'काजळी धरली आहे' किंवा 'माल चांगला आहे, चाळीत टिकेल' असा निकाल मालकाच्या तोंडावर दिला जातो. त्याच माणसाला नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल विचारले, तर उत्तर बहुधा 'छान आहे' एवढेच येते. पुस्तक अर्ध्यात सोडले असले तरी 'छान आहे', आणि रात्रभर जागून वाचले असले तरी 'छान आहे'.

मराठीत पुस्तकांविषयी बोलण्याच्या दोन रीती पक्क्या झाल्या आहेत. एक प्रकाशन समारंभाची. तिथे लेखक शेजारीच बसलेला असतो, व्यासपीठावरचे पाहुणे त्याच्या ओळखीचे असतात आणि प्रत्येक पुस्तक मराठी साहित्यात मोलाची भर घालत असते. दुसरी वादाची. तिथे पुस्तक बाजूला राहते आणि लेखकाची जात, गाव, पक्ष आणि पुरस्कार यांचीच झडती होते. या दोन्हींच्या मधे सामान्य वाचकाचे खरे मत असते. मी हे वाचले, इथपर्यंत पटले, इथून कंटाळा आला आणि त्याचे कारण हे, असे ते मत. ते घरात किंवा चहाच्या टपरीवर बोलले जाते आणि तिथेच विरते.

ते विरू नये म्हणून मराठीत ज्यांनी चिकाटीने लिहिले, त्यांत सतीश काळसेकर यांचे नाव आधी घ्यावे लागते. काळसेकर (१९४३–२०२१) मूळचे कवी. साठच्या दशकात मुंबईत लघुअनियतकालिकांची जी चळवळ उभी राहिली, तिच्यातले ते बिनीचे कार्यकर्ते. 'इंद्रियोपनिषद', 'साक्षात' आणि 'विलंबित' हे त्यांचे कवितासंग्रह. पोटापाण्यासाठी त्यांनी बँकेत नोकरी केली आणि लोकवाङ्मय गृह या प्रकाशनसंस्थेच्या कामात ते वर्षानुवर्षे राहिले. वाचनाविषयी त्यांनी जे सदर लिहिले, त्याचे पुस्तक झाले 'वाचणाऱ्याची रोजनिशी'. या पुस्तकाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कवितेच्या नव्हे, तर वाचनाच्या नोंदींच्या पुस्तकासाठी एका कवीला अकादमीचा पुरस्कार मिळावा, ही मराठीतली विरळ घटना आहे.

या पुस्तकाचे बळ त्याच्या घाटात आहे. समीक्षकाला पुस्तकावर शेवटचा शब्द उच्चारायचा असतो. रोजनिशी लिहिणाऱ्यावर ते ओझे नसते. आज हे हाती आले, इतके वाचून झाले, यावरून ते दुसरे पुस्तक आठवले, असे तो लिहीत जातो. त्यामुळे काळसेकरांच्या लेखनात कविता आणि कादंबरीबरोबर चरित्रे येतात, अनुवाद येतात, नियतकालिके येतात. पुस्तके छापणारी, विकणारी आणि सांभाळणारी माणसेही येतात. थोर पुस्तक आणि फुटकळ पुस्तक अशी प्रतवारी लावून मग वाचायला बसणारा हा वाचक नव्हे. जे दिसेल ते उचलावे, पण मत मात्र स्वतःचे ठेवावे, अशी त्याची रीत.

अशा लिहिण्यात आणखी एक सोय आहे, ती म्हणजे तारखेची. पंचविसाव्या वर्षी डोक्यावर घेतलेली कादंबरी पन्नाशीत पोकळ वाटू शकते. दोन्ही मते खरीच असतात. तारीख घालून लिहिलेले मत असे बदलले, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नसते. उलट दोन नोंदी शेजारी ठेवल्या की पुस्तकाबरोबर वाचणाऱ्याचीही वाढ दिसते.

काळसेकरांचा मार्ग एकमेव नव्हता. 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादकपद दीर्घकाळ सांभाळणारे गोविंद तळवलकर यांनी 'वाचता वाचता'मधून जगभरच्या ग्रंथांची ओळख मराठी वाचकाला करून दिली. त्यांचा पिंड इतिहास आणि राजकारणाचा, नजर संपादकाची. त्यांच्या लेखनातून वाचकाला माहितीची शिदोरी मिळते. काळसेकरांकडून मिळते ती वाचण्याची सवय. तालुक्याच्या गावातल्या माणसाला दुसरी अधिक उपयोगी, कारण लंडनमध्ये परवा आलेला ग्रंथ त्याच्या हाती पडायला वेळ लागतो. वही आणि पेन मात्र घरातच असतात.

परखडपणाची परंपरा मराठीत मुळीच नव्हती, असे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ पासून 'निबंधमाला' चालवत होते आणि तिच्यात त्यांनी लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्या लेखनावर कडाडून हल्ला चढवला. आज ते लेख वाचताना भाषेचा डौल जाणवतो, पण फुल्यांच्या व्याकरणावर बोट ठेवण्यात शास्त्रीबोवांनी जितका वेळ घालवला, तितका त्यांचे म्हणणे समजून घेण्यात घालवला नाही, हेही दिसते. पुढे १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुल्यांना आले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारले. ज्या ग्रंथांत शेतकऱ्याचे आणि शूद्रातिशूद्रांचे जगणेच नाही, त्या ग्रंथकारांच्या मेळ्यात आपले काय काम, असा त्या पत्राचा आशय होता. मराठी पुस्तकांविषयी एका वाचकाने दिलेले याहून स्पष्ट मत शोधून सापडणार नाही. ते रागाने लिहिलेले आहे, पण त्यात कारण आहे. म्हणून ते आजही टिकून आहे.

विसाव्या शतकात हा वारसा भालचंद्र नेमाडे यांनी चालवला. 'टीकास्वयंवर'मधल्या लेखांत त्यांनी बाबा पदमनजी यांच्या १८५७ च्या 'यमुनापर्यटन'ला मराठी कादंबरीच्या वास्तववादी प्रवाहाच्या आरंभाचा मान दिला, रंजक कादंबरीला खाली उतरवले आणि लघुकथा हा प्रकारच हलका ठरवला. पहिले मत पुरावे देऊन मांडलेले आहे. शेवटचे मत मात्र कथा वाचणाऱ्या कुणालाही गळी उतरणे कठीण. परखड मताचे असे असते. ते मान्य करावे लागत नाही, पण त्याच्याशी भांडताना आपल्यालाही पुस्तके नीट वाचावी लागतात.

इरावती कर्वे यांचा परखडपणा वेगळ्या जातीचा. 'युगान्त' (१९६७) मध्ये त्यांनी थेट महाभारताकडे मोकळ्या नजरेने पाहिले. भीष्माच्या त्यागाचे गोडवे गाण्याऐवजी त्या त्यागापायी अंबेपासून गांधारीपर्यंत किती स्त्रियांची आयुष्ये नासली, हे त्यांनी मोजून दाखवले. खांडववन जाळण्यात पराक्रम कसला, हाही प्रश्न विचारला. तरी सगळ्या पुस्तकात महाभारतावरचे प्रेम जाणवत राहते. आवडत्या पुस्तकाला अडचणीचे प्रश्न विचारता येतात, हे त्यांच्याकडून शिकावे.

आणि एक निवाडा चक्क सर्वोच्च न्यायालयाचा. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'शामा' छापून आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो दिल्लीपर्यंत गेला. १९६९ मध्ये न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवले. पण निकालपत्रात न्यायमूर्तींनी असेही नोंदवले की या लेखनाची वाङ्मयीन प्रत फार उंच नसेल, लेखक अपरिपक्व वाटेल, कथानक जिथे घडते त्या ठिकाणांची त्याला पुरेशी माहितीही नसेल. तरीही ते अश्लील ठरत नाही. 'मला आवडले नाही' आणि 'हे नको असायला हवे' या दोन गोष्टींतला फरक इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी सांगितला असेल.

आता कळवणकडे येऊ. गिरणेच्या उगमाचा हा तालुका. एका अंगाला सप्तशृंगीचा गड, दुसऱ्या अंगाला सुरगाण्याकडचा डोंगराळ आदिवासी पट्टा. बोलण्यात अहिराणी आहे, कोकणा आहे, भिल्ली आहे. शाळेत आणि कचेरीत प्रमाण मराठी. असा वाचक मराठी पुस्तकांकडे अनेकदा बाहेरून पाहतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला घरातली पडझड आधी दिसते. वाचनालयाच्या कपाटात सहज मिळणारी काही पुस्तके त्याच्या नजरेने, भीड न ठेवता, चाळून पाहण्यासारखी आहेत.

पहिली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर काही वर्षे दोघे वेगळे राहिले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. वडिलांचे सोवळ्याचे वेड आणि नवऱ्याचा लहरी, तापट, पण उदार स्वभाव या दोहोंबद्दल त्या लिहितात ते हसत हसत. वाचकाला टिळकांचा राग येतो, लक्ष्मीबाईंना येत नाही. आणि हेच या पुस्तकाचे कोडे आहे. पुढच्या भागांत माणसांची गर्दी होते, गती मंदावते. तरीही मराठीत एकच आत्मचरित्र वाचायचे असेल, तर ते हे.

'स्वामी'बद्दल बोलताना मात्र आवाज आपोआप खाली येतो, कारण घराघरांत तिच्यावर जीव टाकणारे वाचक आहेत. रणजित देसाई यांची ही कादंबरी १९६२ मध्ये आली आणि १९६४ चा अकादमी पुरस्कार तिला मिळाला. कळवणकरांना तिचा नायक परका नाही. तालुक्याच्या दक्षिणेला जो धोडप किल्ला दिसतो, त्याच परिसरात १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी काका राघोबादादांचा पराभव करून त्यांना कैद केले. कादंबरीची भाषा देखणी आहे, पण सरदार असो वा सेवक, सगळे एकाच नक्षीदार लयीत बोलतात. राज्याचा गाडा कसा चालला, पैसा कुठून आला, रयतेचे काय झाले, हे प्रश्न मागे पडतात. शेवटी थेऊरला रमाबाई सती जातात, तो प्रसंग इतका मंगल करून दाखवला आहे की आजच्या वाचकाने तिथे थांबून अस्वस्थ व्हावे. पुस्तक वाचावेच, डोळे मात्र पाणावले तरी उघडे असू द्यावेत.

१९६३ मध्ये या मुलखाच्या आसपासची दोन पुस्तके आली. जळगावकडच्या सांगवीचे नेमाडे यांची 'कोसला' आणि नाशिकजवळच्या विहितगावचे बाबूराव बागूल यांचा कथासंग्रह 'जेव्हा मी जात चोरली होती'. 'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला जातो. वसतिगृहाची धमाल आजही ताजी वाटते, धाकट्या मनीच्या मृत्यूची पाने हलवून सोडतात. शेवटाकडे मात्र तोच सूर लांबत जातो. शिवाय या शैलीची नक्कल करणाऱ्या नायकांची पुढे रांग लागली, त्याचा शीणही मूळ पुस्तकावर चढतो. बागुलांच्या शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि जात लपवल्याशिवाय त्याला राहायला जागा मिळत नाही. एकाला जगण्याचा अर्थ सापडत नाही, दुसऱ्याला खोली सापडत नाही. बागुलांच्या काही कथांत आवाज चढतो, प्रसंग भडक होतात. पण कामासाठी गुजरातची वाट धरणाऱ्या माणसांच्या तालुक्यात कोणते पुस्तक आधी वाचले जावे, याचे उत्तर अवघड नाही. कथेला हलके म्हणणाऱ्या नेमाड्यांना दिलेले ते एक उत्तरही आहे.

किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या १९४५ नंतरच्या लढ्याचे पुस्तक. १९७२ चा अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. किसान सभेचा लाल झेंडा या भागाला नवा नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या मोर्चात सुरगाणा आणि कळवणच्या आदिवासी शेतकऱ्यांची पावले होती. म्हणून हे पुस्तक इथे इतिहास म्हणून नव्हे, तर घरची गोष्ट म्हणून वाचता येते. वेठबिगारीची पाने आजही अंगावर येतात. उणीव एवढीच की सगळी गोष्ट नेत्याच्या नजरेतून दिसते. वारली माणूस लढतो, शपथ घेतो. तो स्वतः घरी काय बोलत असेल, हे वाचकाला कल्पनेने भरावे लागते. ती जागा भरण्याचे काम आता आदिवासी लेखकांचे आहे.

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) धरणात बुडालेल्या गावाची कादंबरी आहे. चणकापूर आणि पुनद ही धरणे पाहत वाढलेल्या वाचकाला तिची ओळख करून द्यायला नको. पाटील स्वतः महसूल खात्यात अधिकारी होते, त्यामुळे नोटीस, पंचनामा, मोबदला आणि खेटे यांचे वर्णन जसे त्यांना जमले, तसे मराठीत फार थोड्यांना जमले. पात्रे मात्र लवकर दोन रांगांत उभी राहतात, सोसणारे आणि लुटणारे. शंभरेक पाने कमी असती तर हे पुस्तक अधिक धारदार झाले असते. दोष सांगून झाले तरी ज्याची जमीन गेली आहे, त्याने ते वाचावे; आणि ज्याच्या शेताला पाणी आले आहे, त्याने तर जरूर वाचावे.

ललित पुस्तकांबरोबर दोन वेगळी. शाळेच्या बक्षीस समारंभात हमखास दिसणारे 'अग्निपंख' हे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या आत्मचरित्राचे माधुरी शानभाग यांनी केलेले भाषांतर. रामेश्वरमचे बालपण मुले आवडीने वाचतात. पुढे प्रकल्प आणि संस्थांची नावे सुरू झाली की पुस्तक कपाटात जाते. दोष मुलांचा नाही. आठवीच्या मुलाला ते देताना पहिली प्रकरणे पुरेत, असे सांगायला हवे. दुसरे कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०). वाटी-चमच्याच्या मापाने सांगितलेल्या या पुस्तकाने नव्याने संसार मांडलेल्या कित्येकींना तारले. भाषा नेमकी, एक शब्द जादा नाही. लिहू पाहणाऱ्यांनी गद्याचा धडा म्हणून वाचावे. पण ते शहरी मध्यमवर्गीय ओट्यावरून लिहिलेले आहे. डोंगरातली नागली, कुळीद आणि रानभाज्या यांचे इतके नेमके पुस्तक अजून व्हायचे आहे.

या मतांशी कळवणच्याच दहा वाचकांचे जुळणार नाही, आणि जुळू नयेच. 'स्वामी'च्या बाजूने कुणी कारणे देऊन लिहिले, तर ते वाचायला मजा येईल. अडचण अशी की तसे लिहायला जागा कुठे आहे? महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता, अ ते ड असे वर्ग आणि अनुदान मिळते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधाराने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केले आणि पुस्तकांच्या पेट्या नाशिकबाहेर, पुढे परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत गेल्या. पुस्तक वाचकापर्यंत नेण्याची व्यवस्था आपण उभी केली. वाचकाचे मत परत आणण्याची व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. पुस्तक घेतल्याची तारीख रजिस्टरात असते, परत केल्याचीही असते. मधल्या दिवसांत काय घडले, याची नोंद कुठेच नसते.

त्यासाठी अनुदान लागत नाही. वाचनालयाच्या टेबलावर एक जाड वही ठेवावी. पुस्तक परत करणाऱ्याने तारीख घालून त्यात चार ओळी लिहाव्यात: का घेतले, कुठपर्यंत वाचले, काय पटले, कुठे सोडले. 'छान' या शब्दाला त्या वहीत मनाई असावी. अहिराणीत किंवा कोकण्यात लिहावेसे वाटले तर तसे लिहावे. ग्रंथपालाने वर्षाच्या शेवटी ती वही पुढे ठेवून नवी खरेदी ठरवावी, आणि ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत तिच्यातली काही पाने मोठ्याने वाचली जावीत. कळवणच्या वाचकांनी येत्या ग्रंथालय समितीच्या बैठकीत एवढी एक मागणी करावी.